गरोदरपणातल्या नैराश्याच्या गोळ्या, बाळाच्या हृदयातलं भोक आणि भरपाईचा दावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: देवगड तालुक्यातल्या एका ताईंचं पहिलं बाळ 14 महिन्यांचं आहे. त्याच्या हृदयाला भोक आहे, इकोच्या कागदावर 'व्हीएसडी 4 मिमी' लिहिलं आहे. त्या गरोदरपणात ताई नालासोपाऱ्याला होत्या आणि नैराश्यासाठी पॅरॉक्सेटिन 25 मिलिग्रॅम चालू होती. चौथ्या महिन्यापर्यंत ती घेतली, धोक्याबद्दल कोणी काही बोललं नाही. पुढे राजापूरला माहेरी आल्या आणि बाळंतपण रत्नागिरीच्या खासगी दवाखान्यात झालं. आता पुन्हा दिवस गेले आहेत, सहावा आठवडा आहे. सध्या एस्सिटालोप्राम 10 आणि क्लोनाझेपाम 0.5 एकत्र असलेली गोळी चालू आहे. सासूबाई म्हणतात, आजच्या आज बंद कर. गोळीचं काय करायचं, आणि पहिल्या बाळासाठी केस करता येईल का?

ताई, आधी गोळीचं बोलू. केसला अजून काही महिने आहेत, गोळीचा निर्णय या आठवड्यातला आहे.

आजची गोळी आजच बंद करू नका. सासूबाईंची काळजी रास्त आहे, पहिल्या बाळाचं बघितल्यावर कोणालाही तसंच वाटेल. पण एस्सिटालोप्राम एकदम तोडली की दोन-चार दिवसांत चक्कर, डोक्यात करंट गेल्यासारखा झटका, चिडचिड आणि झोपमोड सुरू होते. क्लोनाझेपाम बरेच महिने घेऊन एकदम तोडलं तर क्वचित फिटसुद्धा येऊ शकते. नैराश्य परत उलटण्याचा धोका वेगळाच. 2006 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आधी वारंवार नैराश्य येऊन बऱ्या झालेल्या गरोदर बायकांपैकी ज्यांनी गोळ्या थांबवल्या त्यांच्यात 68 टक्के जणींना नैराश्य परत आलं, चालू ठेवलेल्यांत 26 टक्के जणींना. उलटलेल्या नैराश्यात बाई जेवत नाही, तपासणीला जात नाही, वजन वाढत नाही, दिवस भरण्याआधी कळा येण्याची शक्यता वाढते, आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येऊ शकतात. हे बाळाच्या दृष्टीनेही कमी धोक्याचं नाही.

येत्या चार-पाच दिवसांत मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालयाची बाह्यरुग्ण तपासणी आहे, ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे. तोवर अडलं तर टेलिमानस 14416 हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. भेटीत स्पष्ट विचारा: एकत्र गोळीऐवजी एस्सिटालोप्राम वेगळी लिहून क्लोनाझेपाम हळूहळू कमी करता येईल का? ही जोडगोळी आपल्याकडे फार सहज लिहिली जाते आणि महिनोन् महिने तशीच चालू राहते. क्लोनाझेपाम बाळंतपणाच्या तोंडावर चालू असेल तर बाळ सैल, सुस्त जन्मू शकतं आणि नीट ओढत नाही. एकत्र गोळी मोडून डोस कमी करायला गेलात तर दोन्ही औषधं कमी होतात, म्हणून वेगळी करून घ्यायची.

एस्सिटालोप्राम बदलून सर्ट्रालिन द्यावी असं कोणी सुचवेल. सर्ट्रालिनचा गरोदरपणातला अनुभव मोठा आहे आणि दुधातून ती फार कमी जाते, हे खरं. पण लागू पडलेली गोळी सहाव्या आठवड्यात बदलली की बाळाचा संबंध एकाऐवजी दोन औषधांशी येतो, आणि नवी लागू पडेपर्यंत आजार उघडा राहतो. त्यामुळे जी गोळी चालते तीच, लागेल त्या कमीत कमी डोसात ठेवण्याकडे बहुतेक तज्ज्ञांचा कल असतो. पॅरॉक्सेटिनचं तसं नाही. ती मूल हवं असलेल्या बाईला पहिल्यांदा सुरू करताना टाळायचीच, आणि चालू असेल तर दिवस जाण्याआधी बदलायचा विचार करायचा. अजून एक औषध इथेच सांगून ठेवतो, कारण त्याची गल्लत होते: व्हॅल्प्रोएट. ते नैराश्याचं नाही, मूड आणि फिटचं औषध आहे. पण ते घेतलेल्या साधारण दर दहातल्या एका बाळाला जन्मतः व्यंग असतं आणि पुढे बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होतो. तुमच्या चिठ्ठीत ते कधीही लिहिलं होतं का, हे जुने कागद काढून बघा.

फॉलिक अ‍ॅसिड सुरू नसेल तर आजच सुरू करा. नेहमीचा डोस रोज 400 मायक्रोग्रॅम. 5 मिलिग्रॅमची गोळी कोणाला लागते हे स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवतील. 'डोकं शांत राहायला' म्हणून कोणी दिलेला काढा किंवा चूर्ण घेऊ नका, त्यात काय आहे ते पुढे कोणालाच सांगता येत नाही.

आता तपासण्या. पहिल्या मुलाच्या हृदयात दोष असला की पुढच्या मुलात तो असण्याची शक्यता शेकडा दोन-तीनच्या घरात असते, एरवी ती शेकडा एक. म्हणजे गोळीचा विचार बाजूला ठेवला तरी या वेळी गर्भाच्या हृदयाचा इको करायलाच हवा. 11 ते 13 आठवड्यांत पहिली सोनोग्राफी, 18 ते 20 आठवड्यांत व्यंग शोधायची सोनोग्राफी आणि 20व्या आठवड्याच्या आसपास गर्भाचा इको. इको शक्य तितका 20व्या आठवड्यालाच घ्या, 24व्यावर ढकलू नका. गर्भपाताच्या कायद्यात 2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. 20 ते 24 मध्ये ठरावीक गटांतल्या बायकांसाठी दोन डॉक्टरांचं मत लागतं. 24 च्या पुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तरच, आणि तेही वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने. 4 मिमीच्या भोकासाठी असा विचार कोणी करत नाही आणि करूही नये. पण काही गंभीर निघालंच तर विचार करायला, दुसरं मत घ्यायला हाताशी आठवडे हवेत. देवगडहून इकोसाठी कोल्हापूर किंवा गोवा गाठावं लागेल. तुमचा विसावा आठवडा पावसाळ्यात येत असेल तर करूळ किंवा भुईबावडा घाट दरडीने बंद पडू शकतो हे धरून तारीख घ्या.

शेवटच्या तीन महिन्यांत शरीरात औषध लवकर खर्च होतं, म्हणून कधी कधी डोस वाढवावा लागतो. बाळंतपणाआधी 'बाळासाठी' म्हणून गोळी स्वतःहून कमी करू नका. जन्मल्यावर अशा बाळांपैकी काहींना थरथर, किरकिर, जलद श्वास, दूध नीट न ओढणं असा त्रास होतो. दहातल्या तीन बाळांपर्यंत तो दिसू शकतो आणि बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत ओसरतो. फुप्फुसांतल्या रक्तदाबाचा एक गंभीर पण विरळा त्रास आहे, तो हजारातल्या साधारण दोनवरून तीन बाळांवर जातो. म्हणून बाळंतपण बालरोगतज्ज्ञ असलेल्या ठिकाणीच करा. माहेरी गेलात तर तिथल्या डॉक्टरांना गोळीचं नाव आणि डोस लिहून द्या, आणि बाळाला किमान दोन दिवस नजरेखाली ठेवायला सांगा. दूध पाजायला हरकत नाही.

आता केस. इथे जरा सविस्तर लिहावं लागेल, कारण मोबाइलवर अमेरिकेतल्या खटल्यांच्या बातम्या फिरतात आणि त्यातून चुकीची आशा लागते. तिथे 2005 मध्ये औषध नियंत्रकांनी पॅरॉक्सेटिनबद्दल हृदयाच्या दोषांचा इशारा दिला. 2009 साली फिलाडेल्फियाच्या ज्यूरीने ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीला एका कुटुंबाला 25 लाख डॉलर द्यायला सांगितले, आणि पुढे कंपनीने शेकडो दावे तडजोडीने मिटवले. पण सर्ट्रालिनवरचे एकत्र केलेले दावे 2016 मध्ये तिथल्याच संघीय न्यायालयाने फेटाळले, कारण औषधानेच व्यंग होतं हे तज्ज्ञांना शास्त्राच्या कसोटीवर दाखवता आलं नाही. त्या खटल्यांत इथून शिरता येत नाही. शिकण्यासारखं एवढंच, की अशा दाव्याचा निकाल कार्यकारणभावावर लागतो.

तुमच्या बाबतीत तो असा बघा. कोणतीही गोळी न घेतलेल्या 200 बायकांच्या बाळांपैकी साधारण 2 बाळांच्या हृदयात दोष असतो. 2005 च्या इशाऱ्यामागे जे अभ्यास होते, त्यांत सुरुवातीच्या तीन महिन्यांत पॅरॉक्सेटिन घेतलेल्या 200 बायकांमागे हा आकडा 3 ते 4 पर्यंत गेला होता, आणि त्यातले बहुतेक दोष भोकाचेच होते. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत फरक याहून कमी दिसला. म्हणजे दोष असलेल्या त्या तीन-चार बाळांपैकी दोघांना तो गोळीशिवायही झालाच असता. तुमचं बाळ त्यातलं कोणतं, हे सांगणारी तपासणी नाही. 'गोळीमुळेच झालं असण्याची शक्यता जास्त' हे ग्राहक आयोगापुढे दाखवावं लागतं, आणि या आकड्यांवर ते दाखवणं फार कठीण आहे. समोरचे वकील इतर कारणंही विचारतील: मधुमेह होता का, सुरुवातीला पुरळ-ताप आला होता का, नात्यात लग्न आहे का, बाळाची गुणसूत्रं तपासली का. शेवटची तपासणी बालरोगतज्ज्ञांना विचारून करून घ्या, ती बाळाच्या उपचारासाठीही उपयोगाची आहे.

तारखांचा मुद्दा याहून महत्त्वाचा. हृदयाच्या दोन कप्प्यांमधला पडदा पाळीच्या तारखेपासून साधारण नवव्या-दहाव्या आठवड्यापर्यंत पुरा होतो. म्हणून 'चौथ्या महिन्यापर्यंत घेतली' यातला शेवटचा दीड महिना भोकाच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. तुम्ही मानसोपचार डॉक्टरांना दिवस गेल्याचं कधी सांगितलंत? तिसऱ्या महिन्यात सांगितलं असेल, तर त्यानंतर गोळी चालू ठेवल्याने भोक पडलं असं म्हणता येणार नाही. मग दावा उरतो तो आधीच्या काळाचा: लग्न झालेल्या, मूल होण्याच्या वयाच्या बाईला पॅरॉक्सेटिन लिहिताना मूल हवं आहे का हे विचारलं का, धोका सांगितला का, दुसरी गोळी सुचवली का. सहाव्या-सातव्या आठवड्यातच सांगितलं असेल आणि तरी कागदावर एक ओळ न लिहिता तीच गोळी पुढे दिली असेल, तर तुमची बाजू बरीच भक्कम होते. पाळीची शेवटची तारीख आणि डॉक्टरांकडच्या प्रत्येक भेटीची तारीख एका कोऱ्या कागदावर शेजारी शेजारी लिहून काढा. कोणत्याही वकिलाकडे जाण्याआधी हा कागद तयार हवा.

माझं मत स्पष्ट आहे: 'गोळीने भोक पडलं' असा दावा मुख्य ठेवू नका. 'धोका सांगितला नाही, म्हणून मला निवड करता आली नाही' हा दावा मुख्य ठेवा. संमती ही माहिती दिल्यानंतरचीच खरी, हे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात 2008 मध्ये ठरवलं आहे. करायला हवी ती तपासणी केली नाही, सांगायला हवं ते सांगितलं नाही, यावर मोठी भरपाईही मिळते. तमिळनाडूतल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांची तपासणी सुचवली नाही आणि ते अंध झालं, त्या प्रकरणात 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक कोटीहून जास्त रक्कम दिली. अर्थात तिथे न तपासल्याने दृष्टी गेली हे सिद्ध झालं होतं. तुमच्याकडे तो दुवा कच्चा आहे, त्यामुळे मोठ्या आकड्याची अपेक्षा ठेवू नका.

सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांवर दावा करावा असं कोणी म्हणेल. लहान भोक 18-20 आठवड्यांच्या सोनोग्राफीत पुष्कळदा दिसतच नाही, त्यात हलगर्जी ठरणं अवघड. त्यांना यात ओढलंत तर केस लांबेल, एवढंच. कंपनीवरच्या दाव्याचंही तसंच. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाची आणि अपुऱ्या इशाऱ्याची जबाबदारी आहे, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधाबाबत कंपनीने डॉक्टरांपर्यंत इशारा पोचवला असेल तर कलम 87 तिला सोडवतं. शिवाय तीच गोळी आपल्याकडे अनेक कंपन्या बनवतात. कोणत्या कंपनीची, कोणत्या बॅचची, हे गोळ्यांच्या स्ट्रिपवरूनच कळेल. जुन्या स्ट्रिप घरात असतील तर टाकू नका. आणि एक विचारतो, खरं उत्तर स्वतःला द्या: सगळ्या गोळ्या ताज्या चिठ्ठीवर घेतल्या होत्या की जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून? चिठ्ठीशिवाय देणं ही दुकानदाराची चूक आहेच, पण तेवढ्या काळासाठी डॉक्टरांवरचा दावा सैल पडतो.

कागद मिळवणं हीच खरी मेहनत आहे, कारण तुमचे कागद तीन ठिकाणी आहेत: नालासोपारा, राजापूर आणि रत्नागिरी. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी म्हटल्यावर हे घरोघरी होतं. 2002 च्या वैद्यकीय आचार नियमांप्रमाणे दाखल रुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं ठेवायची असतात आणि मागितल्यावर 72 तासांत द्यायची असतात. बाह्यरुग्ण चिठ्ठ्या मात्र दवाखान्याकडे असतीलच असं नाही, त्यासाठी तुमची फाइल, मोबाइलमधले फोटो आणि मेडिकलची बिलं शोधा. मानसोपचाराची कागदपत्रं मागण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 25 ने वेगळा दिलेला आहे, अर्जात त्याचा उल्लेख करा. अर्ज साधा लिहा: नाव, केस पेपर नंबर, उपचाराच्या तारखा, आणि काय हवं ते नावानिशी: चिठ्ठ्या, नोंदी, सोनोग्राफीचे अहवाल, प्रसूतीच्या नोंदी, बाळाचा केस पेपर. 'सर्व कागद द्यावेत' एवढंच लिहिलं की डिस्चार्ज कार्ड हातात पडतं. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. नोटीस पाठवण्याआधी कागद मागा. आधी नोटीस गेली की कागद लवकर सापडत नाहीत. माता-बाल संरक्षण कार्डावर कोणी 'औषध चालू' असं लिहिलं आहे का तेही बघा, हा पुरावा बायका विसरतात.

मुदत दोन वर्षांची. ती कधीपासून मोजायची यावर वाद होऊ शकतो, म्हणून सावधपणे बाळाच्या जन्मतारखेपासून मोजा. तुमच्याकडे साधारण दहा महिने उरले आहेत. उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. दिवाणी दाव्यात बाळाला सज्ञान होईपर्यंत आणि त्यानंतर तीन वर्षं मिळतात, पण तोवर कागद राहणार नाहीत.

तक्रार तुम्ही राहता तिथे करता येते, म्हणजे ओरोसच्या सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक आयोगात. त्यासाठी नालासोपाऱ्याकडे फेऱ्या नकोत. आयोगाची पायरी (जिल्हा, राज्य की राष्ट्रीय) तुम्ही डॉक्टरांना दिलेल्या पैशांवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. ती रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही. मात्र पैसे दिल्याचा पुरावा लागतो. तपासणी फीची पावती नसेल तर यूपीआयचा व्यवहार चालतो, बँकेचा उतारा काढा. तक्रारदार म्हणून तुम्ही आणि बाळ दोघांची नावं घाला. आईवडील आणि मूल दोघंही ग्राहक ठरतात, हे 1998 पासून ठरलेलं आहे. उपचार सर्वांना पूर्ण मोफत देणाऱ्या सरकारी रुग्णालयात झाले असते तर हा रस्ता बंद होता. मग दिवाणी दावा, त्याआधी दोन महिन्यांची नोटीस, किंवा उच्च न्यायालयात रिट. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीसाठी उच्च न्यायालयाचं काम आता ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे.

वकिलाची फी जड वाटत असेल तर ओरोसच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येईल, पण तिथे डॉक्टरांच्या नोंदणीवर कारवाई होते, पैसे मिळत नाहीत. पोलिसांत जाऊ नका. अशा प्रकरणात गुन्हा टिकायला फार ढोबळ हलगर्जी लागते, इथे ती दिसत नाही. औषधाच्या संशयित दुष्परिणामाची नोंद मात्र 1800-180-3024 वर जरूर करा. ती गाझियाबादच्या राष्ट्रीय केंद्राकडे जाते. तुमच्या केसला तिचा थेट उपयोग नाही, पण इथल्या बायकांबद्दलची माहिती अशाच नोंदींतून जमते.

बाळाचे उपचार केससाठी थांबवू नका. लहान भोकं पुष्कळदा पहिल्या काही वर्षांत आपोआप मिटतात. तरी दूध पिताना घाम येणं, धाप लागणं, वजन न वाढणं, वारंवार छातीत कफ होणं यांतलं काही असेल तर लगेच हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे बाळाचं नाव नोंदवा. त्यातून जिल्हा रुग्णालय आणि पुढे शस्त्रक्रियेची सोय मोफत होते, जन्मजात हृदयदोष त्या यादीत आहे. पुढचा इको डॉक्टर सांगतील त्याच महिन्यात करा आणि प्रत्येक वेळचा कागद त्याच फाइलला लावा. भोक मिटलं, तेवढंच राहिलं की वाढलं, हे त्यातूनच कळेल, आणि भरपाईचा आकडाही आयोग त्यावरूनच ठरवेल.